अठरा लोंगर आणि एक खोली

“केळी कोंडली, की मानसानं भायेर निजावं,” असं चांगुणाबाई मला ऑगस्टमध्येच म्हणाल्या होत्या, आणि मी हसले होते.

मी त्यांच्या ओट्याशी उभी होते. अडीच वर्षांची मेत्ता माझ्या कडेवर होती. बाजारातली पावडर लावलेली केळी मुलीला द्यायची नसतील तर कच्ची आणून घरी पिकवायची कशी, एवढंच मी विचारायला गेले होते. त्यांनी सगळं नीट सांगितलं. फणी एकेक सुटी करायची, वर्तमानपत्रात गुंडाळायची, तांदळाच्या डब्यात ठेवायची, सोबत एक पिकलेलं केळं टाकायचं. दर तासाला झाकण काढून बघायचं नाही. कच्चं केळं फ्रिजमध्ये ठेवायचं नाही, साल काळी पडते आणि आत लाकूडच राहतं. पिकली की मात्र डब्याबाहेर काढून टांगायची, म्हणजे बुडाला मऊ पडत नाहीत.

“आणि खूप असली तर? अख्खे लोंगर, घडच्या घड असले तर?”

“मग धुरी. गावाला आमी खड्ड्यात पेंढा घालून लोंगर रचायचो. वर ताडपत्री, मातीनं लिंपायचं, नि मडक्यात निखारे नि गोवऱ्या ठेवून आत धूर सोडायचा. एक दिवस, एक रात. पन खड्डा घरापासून लांब. पडवीत जरी केळी कोंडली, तरी मानसानं भायेर निजावं.”

“का? केळी काय भूत आहेत, मावशी?”

“भूत परवडलं. त्याचे पाय उलटे असतात, कळतं तरी.”

मी हसले ते यावर. घरी येऊन नवऱ्याला, सुगतला, ही गंमत म्हणून सांगितली. मी बी.एस्सी. आहे, केमिस्ट्री घेऊन. दहावी-अकरावीच्या मुलांच्या ऑनलाइन शिकवण्या घेते. हवा अपुरी पडली की कोळसा जळताना कोणता वायू तयार होतो, हे मी गेल्या तीन वर्षांत निदान चाळीस मुलांकडून पाठ करून घेतलं असेल. त्याला वास नसतो, रंग नसतो, हेही. परीक्षेत दोन मार्कांना येतं.

चांगुणाबाई माझ्या नात्यातल्या नाहीत. माणगावकडच्या. नवऱ्याबरोबर नेरूळला आल्या तेव्हा आमची इमारत जिथे आहे तिथे चिखल होता असं सांगतात. आता नवरा नाही, मुलगी वैजयंती नाशिकला. आमच्या इमारतीसमोर, विहाराच्या मागे जी बैठी घरं आहेत, त्यातली एक खोली त्यांची. दहा बाय बारा. पुढे दार, मागे गल्लीकडे एक खिडकी, कोपऱ्यात ओटा आणि मोरी. वय सत्तरच्या पुढे. मेत्ता रोज अकरा ते एक त्यांच्याकडे असते, कारण तेव्हा माझा क्लास असतो. मी पाळणाघरं सहा बघितली आणि सहाही नाकारली. एकीकडे नळाला गाळणी नव्हती, एकीकडे टीव्ही चालू होता. चांगुणाबाईंकडे मी काहीच तपासलं नाही. त्यांनी मेत्ताला मांडीवर घेतलं, तिच्या कानामागे बघितलं आणि म्हणाल्या, “हितं तेल लाव. सोलतंय.” मला ते दिसलं नव्हतं. तेवढं पुरलं.

आता मुख्य गोष्ट. आमच्या विहारात वर्षावासाचे तीन महिने रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं आणि आश्विन पौर्णिमेला समारोप. त्या दिवशी खीर करतात, फळं वाटतात. गेल्या वर्षी केळी बाजारातून तयार आणली होती. बाहेरून पिवळीधमक, आत कच्ची, घशाला तोठरा बसवणारी. यंदा मी सप्टेंबरातच ग्रुपवर लांबलचक मेसेज टाकला. केमिकलची केळी नकोत, लहान मुलं खातात, आपण नैसर्गिक पद्धतीने पिकवलेलीच वाटू या. कार्बाइडचे दुष्परिणाम मुद्देसूद लिहिले. बत्तीस अंगठे आले. विहार कमिटीचे सेक्रेटरी अभय यांनी लिहिलं, ‘ताईंचा अभ्यास दांडगा आहे.’ मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, दोन दिवस बरं वाटत होतं.

सुगत उरणकडे एका कंटेनर यार्डात काम करतो. तिथे त्याच्याबरोबर नझीरभाई आहेत, त्यांची गावाकडे केळीची वाडी आहे. सुगतनं त्यांच्यापाशी विषय काढला तर त्यांनी अठरा लोंगर देऊ केले. फोनवर मला म्हणाले, “भाभी, फुकट नाय देत हं. खिरीचा डबा पायजे. आणि ऐका, पिकवायची घाई करू नका. माझ्या शेडमध्येच पेंढ्यावर ठेवतो आठ दिवस, आपोआप होतील. पौर्णिमेला सकाळी पिवळी आणून देतो.”

अभय यांना ते पटलं नाही. “उरणहून सकाळी टेम्पो निघणार, रस्त्यात कंटेनरची लाइन लागली म्हणजे? दोनशे लोकं हात पसरून बसणार. आपला माल आपल्या ताब्यात पाहिजे.”

म्हणून शुक्रवारी, पौर्णिमेच्या चार दिवस आधी, कच्चे लोंगर आले. हिरवेगार, एकेक माझ्या कमरेएवढा. नझीरभाई स्वतः टेम्पोबरोबर होते. विहाराच्या दारात टेम्पो लागला आणि अभय यांनी दोन्ही हात आडवे केले.

“आत नको. परवाच लादी बसवलीय. केळीचा चीक पडला तर डाग आयुष्यभर जात नाही.”

“खाली गोणपाट टाकू ना, साहेब,” नझीरभाई म्हणाले.

“गोणपाटातून झिरपतो. मला माहितीये. आमच्या गावच्या शाळेत झालंय असं.”

मग सगळे एकमेकांकडे बघायला लागले. कोणाच्या घरी जागा होती, कोणाच्या नव्हती, कोणाच्या सासूला केळीचा वास चालत नव्हता. आणि चांगुणाबाईंचं नाव कोणी घेतलं असं विचाराल, तर मी. “मावशींना धुरी येते,” मी म्हणाले. “त्यांचा हातगुण आहे.” माझ्याच अभ्यासाला शोभेल असा उपाय सुचला म्हणून मी खूशही झाले.

चांगुणाबाई आपल्या दारात कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. लोंगर मोजले. “अठरा? मंग मी कुठं निजू?”

सगळे हसले. अभय म्हणाले, “मावशी, तुम्ही केळीच्या राणी. राणीनं सिंहासनावर निजावं.”

“रानीला राजवाडा असतोय, साहेब. मला दहा बाय बारा हाय.”

परत हसले सगळे. मीही. एवढं बोलून त्यांनी पदर खोचला, खाट भिंतीला उभी केली आणि म्हणाल्या, “आना आत. देठाची बाजू भिंतीकडं.” नझीरभाई लोंगर उतरवताना मला हळूच म्हणाले, “भाभी, घरात निखारे नको हं. नुसतं झाकून ठेवलं तरी होतात.” मी म्हटलं, “मावशींना सगळं येतं.” त्यांनी पुढचा लोंगर उचलला. पाहुणा माणूस, धर्मकार्य आमचं, किती बोलणार.

नुसतं झाकून ठेवली असती तर चार दिवसांत अठराच्या अठरा लोंगर एकसारखे झाले नसते, हे खरं. चार दिवसांत पाहिजेत म्हणून धुरी. आणि चार दिवसांतच का पाहिजेत, तर कमिटीला माल ताब्यात पाहिजे म्हणून. हे सगळं मला आता एका ओळीत दिसतं. तेव्हा मी टेम्पोतून उतरलेला पाला झाडून काढत होते.

शनिवारी सकाळी त्यांनी धुरी लावली. लोंगरांवर ताडपत्री, कडेला गोणपाटं, मधे घमेल्यात निखारे आणि वर गोवऱ्यांचा चुरा. मागच्या खिडकीच्या फटींत ओल्या चिंध्या कोंबल्या. अकरा वाजता मी मेत्ताला घेऊन गेले तर दार अर्धंच उघडलं.

“आज पोरीला आनू नको.”

“अहो, माझा क्लास आहे.”

“आनू नको म्हनलं ना. धूर हाय. उद्या पन नको. सोमवारी बघू.”

आणि दार लावलं. मला राग आला. हे मी लिहिते आहे कारण लिहिलंच पाहिजे. मला वाटलं, केळी आली तर लगेच माझी मुलगी नकोशी झाली. मी क्लास रद्द केला, मुलांच्या पालकांचे दोन मेसेज ऐकून घेतले, आणि सुगतला फोनवर म्हणाले, “बघ, एवढा विश्वास टाकला आणि ऐनवेळी हात वर.” सुगत म्हणाला, “तू टेन्शन फार घेतेस, अस्मिता.” त्यावर आमचं वेगळं भांडण झालं.

ज्या खोलीत त्या माझ्या मुलीला पाच मिनिटं बसू देत नव्हत्या, तिथे त्या स्वतः निजणार होत्या. शिकलेली मी. माझ्या डोक्यात आलं काय, तर माझा अकराचा क्लास.

दुपारी चारच्या सुमाराला मी कपडे काढायला गॅलरीत आले तर चांगुणाबाई त्यांच्या पायरीवर डोकं धरून बसलेल्या दिसल्या. मी खाली गेले. म्हणाल्या, डोकं ठणकतंय, मळमळतंय, पाय कापसासारखे झालेत. मी लगेच वर पळाले आणि ऑक्सिमीटर घेऊन आले. करोनात घेतलेला. मी तो अजून दर महिन्याला सेल बदलून जपून ठेवते, घरात कोणाला शिंक आली तरी बोटाला लावते. त्यांच्या बोटाला लावला. अठ्ठ्याण्णव.

“एकदम नॉर्मल, मावशी. माझंही एवढं नसतं. उपाशी आहात का? पित्त असेल.” गोळी दिली, पाणी दिलं आणि म्हणाले, “आता जरा आत जाऊन आडव्या व्हा.”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, “आत?”

“मग काय इथे पायरीवर?”

“निखारे बघायचेच हायेत,” असं काहीतरी पुटपुटल्या आणि भिंतीला धरून उठल्या. दार मीच ओढून घेतलं. धूर वाया जाऊ नये म्हणून.

रविवारी सकाळी आठला मी मेत्ताला घेऊन दूध आणायला निघाले. चांगुणाबाईंच्या कडीला त्यांची दुधाची पिशवी तशीच लटकत होती. त्या पाचला उठतात. साडेपाचला अंगणात सडा असतो, सहाला चहा. मी हाक मारली. मग दार वाजवलं. मेत्तानेही तळहाताने थापा मारल्या, “आजी, उघल.” तिला तो खेळ वाटला. मी दार ढकललं तर आतून स्टूल लावलेलं. खांद्याने ढकललं.

आत विशेष धूर नव्हता. तीच तर मेख आहे. डोळेसुद्धा चुरचुरले नाहीत. गोवऱ्या संपून नुसते निखारे राहिले होते, राखेखाली लाल. केळीचा गोडसर वास यायला लागला होता. चांगुणाबाई घमेल्यापासून दोन हातांवर, चटईवर, कुशीवर. मी हलवलं. अंग गरम होतं, पण मान सोडलेली. तोंडातून एक आवाज आला, शब्द नाही.

मी मेत्ताला बाहेर ठेवलं, तेवढं सुचलं. ओरडले. शेजारच्या केशरबाई धावत आल्या, हातात पोळपाट तसाच. “काखेत हात घाल, काखेत,” त्या म्हणाल्या, “मी पाय धरते. बडबड नंतर कर.” आम्ही त्यांना पायरीवरून ओढून रस्त्यावर आणलं. साडी सुटली होती, केशरबाईंनी आपली ओढणी टाकली. तेवढ्यात माझंच डोकं गरगरायला लागलं होतं. मी आत दोन मिनिटं असेन, फार तर तीन.

रिक्षा. दवाखाना. तिथल्या डॉक्टर माझ्याहून लहान असतील. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, “खोलीत शेगडी होती का?” मी हो म्हणाले, आणि लगेच, स्वतःला वाचवायलाच असेल, म्हणाले, “पण काल मी ऑक्सिजन बघितला होता. अठ्ठ्याण्णव होता.”

“त्या यंत्राला कार्बन मोनॉक्साइड आणि ऑक्सिजन यातला फरक कळत नाही. रक्तात विष असलं तरी ते छान आकडा दाखवतं. डोकं दुखत होतं का त्यांचं?”

“हो.”

“मग तेव्हाच बाहेर बसवायचं होतं. खिडक्या उघडायच्या होत्या. तुम्ही काय केलंत?”

मी काय केलं ते मी त्यांना सांगितलं नाही. तुम्हाला सांगितलं आहे.

मास्क लावला, नळ्या लागल्या. मी बाकावर बसले होते, मेत्ता मांडीवर झोपली होती. साडेदहाच्या सुमाराला अभय आले. शहाळं घेऊन आले, फॉर्मवर सही केली, डॉक्टरांशी बोलून आले, माझ्यासाठी चहा सांगितला. माणूस वाईट नाही, हे मी अजूनही म्हणते. म्हणून तर संताप जास्त होतो. माझ्या शेजारी बसले आणि अगदी काळजीच्या आवाजात म्हणाले, “ताई, खोलीचं दार उघडंच आहे का?”

“हो. का?”

“नाही, म्हणजे, मधेच हवा लागली की अर्धी पिकतात, अर्धी नाही. केशरबाईंना फोन करून निदान ताडपत्री नीट टाकायला सांगू का?”

मी त्यांच्याकडे बघितलं. मला वाटलं ते स्वतःच थांबतील. थांबले नाहीत.

“दोनशे लोकांचा कार्यक्रम आहे ना. मला विचारावं लागतं.”

“अभयदादा,” मी म्हणाले, “तुमच्या लादीवर डाग पडला असता तर तो आयुष्यभर गेला नसता. हा जाईल का, ते आत विचारून या. आणि मग केळीचं बोलू.”

“लादीचा विषय कुठे आला? आणि मावशींचं नाव तुम्हीच सुचवलं होतं, ताई.”

खरं होतं. मेत्ताला खांद्यावर घेऊन मी दुसऱ्या बाकावर जाऊन बसले. चहा आला तो तसाच ठेवला. राग खरा असला तरी त्यातला निम्मा आपल्याच नावावर निघतो तेव्हा तो कुठे नेऊन ठेवायचा, ते मला कोणी शिकवलेलं नाही.

मंगळवारी पौर्णिमा झाली. केळी पिकली होती. एकसारखी, सोनेरी, साल बोटाने सहज सुटावी अशी. वंदना झाली, खीर वाटली, केळी वाटली. संध्याकाळी ग्रुपवर फोटो आले, केळीच्या फण्यांमागे उभी असलेली कमिटी. खाली मेसेज: ‘चांगुणामावशींच्या हातची नैसर्गिक केळी, एकच नंबर. त्यांना लवकर बरं वाटो. साधू, साधू, साधू.’ चौतीस अंगठे. माझ्या मेसेजपेक्षा दोन जास्त.

दुसऱ्या दिवशी मी वॉर्डमध्ये गेले तेव्हा त्या टेकून बसल्या होत्या. आवाज बारीक झाला होता. मला बघून पहिलं वाक्य काय बोलावं त्यांनी? “पिकली का? समदी सारखी?”

“पिकली,” मी म्हणाले, आणि मग माझा तोलच गेला. “तुम्हाला माहीत होतं ना, मावशी? तुम्हीच मला सांगितलं होतं. मग आत का निजलात? माझ्या दारात यायचं, वर यायचं.”

“मला कोनी बोलावलं?”

मी पाण्याच्या ग्लासावरचं झाकण नीट केलं.

“तू आत जा म्हनलीस. शिकलेली हायेस, यंत्र लावलंस, म्हनलं हिला म्हाईत असंल. आपलं जुनं ते खोटं असंल.” मग म्हणाल्या, “गॅसचं शिकवतीस ना तू पोरांना? मंग पुस्तकात नव्हतं का ह्ये?”

“होतं.”

“मंग बरं,” त्या म्हणाल्या आणि डोळे मिटले. कशाला बरं म्हणाल्या, कोण जाणे.

पाचव्या दिवशी घरी आल्या. वैजयंती नाशिकहून आली, आठ दिवस राहिली, घेऊन जाते म्हणाली. “तिकडं माझं काय काम?” म्हणून गेल्या नाहीत. आणि आता त्या पूर्वीच्या राहिलेल्या नाहीत. चहात साखर दोनदा घालतात किंवा घालतच नाहीत. मेत्ताला कधी कधी वैजू म्हणतात. मागच्या आठवड्यात विहारात त्रिशरण म्हणताना मधेच थांबल्या, पन्नास वर्षं तोंडपाठ असलेलं, आणि बाजूच्या बाईकडे लहान मुलीसारखं बघायला लागल्या. डॉक्टर म्हणतात, काही महिन्यांत सुधारेल, सगळं सुधारेलच असं नाही. आणि धुराच्या आसपाससुद्धा जायचं नाही. पुन्हा एकदा झालं तर इतकंही हाती लागणार नाही, असं त्यांनी मला वेगळं बोलावून सांगितलं.

मेत्ता अजून त्यांच्याकडेच जाते. फक्त आता मी लॅपटॉप घेऊन त्यांच्या पायरीवर बसून क्लास घेते. मुलं विचारतात, मॅडम, मागे कोंबडा आहे का? आहे.

हे इथे थांबलं असतं तर मी कदाचित लिहिलं नसतं. पण परवा, नोव्हेंबरच्या बैठकीत, सहा डिसेंबरचा विषय निघाला. चैत्यभूमीला जाणाऱ्यांसाठी आमच्या विहारातर्फे दरवर्षी स्टॉल लागतो. अभय म्हणाले, “एपीएमसी मार्केटातले एक व्यापारी पंचवीस लोंगर द्यायला तयार आहेत. कच्चे. तीन तारखेला येतील.”

मी उभी राहिले. “पिकवणार कुठे?”

सगळे चांगुणाबाईंकडे बघायला लागले. त्या खांबाला टेकून बसल्या होत्या.

“कोणी त्यांच्याकडे बघू नका,” मी म्हणाले. “विहाराच्या हॉलमध्ये ठेवा. प्लास्टिक अंथरा, खिडक्या उघड्या ठेवा, धूर नको. पेंढा आणि पिकलेली फळं घाला. जेवढी पिकतील तेवढी वाटू, उरलेली नंतर.”

“ताई, अर्धीकच्ची केळी चैत्यभूमीवर वाटायची?”

“हो. वाटायची.”

“तुम्ही फार पर्सनली घेताय. मावशींनाच विचारू या ना. त्यांच्यावर कोणाची जबरदस्ती नाही.”

“साहेब,” चांगुणाबाई म्हणाल्या, “या टायमाला केळी तुमच्या बेडरूममदी ठेवा. मी येऊन धुरी लावते, नि तुमी निजा.”

हॉल हसला. अभयसुद्धा हसले, लाल झाले. मला वाटलं, सुटलो. पण हसणं ओसरल्यावर त्याच म्हणाल्या, “चेष्टा केली. आना. बाबासायबांचं काम हाय. निखारे कमी घालीन.” आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते मला सहन होत नाही. त्या खूश होत्या. महिनाभर सगळे त्यांना बसा, राहू द्या, आम्ही करतो, असं म्हणत होते. आता कोणीतरी काम सांगितलं होतं.

बैठक संपल्यावर मी अभय यांना जिन्यात गाठलं. डॉक्टर काय म्हणाल्या ते शब्दाला शब्द सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मान हलवली. म्हणाले, “हॉलचं बघतो.” त्यानंतर मी तीनदा फोन केला. तिन्ही वेळा “बघतो, ताई.” मी चांगुणाबाईंकडून धुरी न लावण्याची शपथ घेतली, त्यांनी दिली, आणि दुसऱ्या दिवशी कसली शपथ ते त्यांना आठवत नव्हतं. केशरबाईंनी लक्ष ठेवलं असतं, पण त्या लेकीच्या बाळंतपणाला गेल्या आहेत. वैजयंती पाच तारखेच्या आधी येऊ शकत नाही.

आणि माझ्या सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन लातूरला तीन तारखेला आहे. तारीख दोनदा पुढे ढकलली, आता ढकलता येत नाही. दोन ते सात डिसेंबर मी नेरूळमध्ये नाही. सुगत आहे, पण तो सातला उरणला जातो आणि अंधार पडल्यावर परततो. सकाळी बघून जाईन म्हणतो. निखारे काही सकाळी बघून जात नाहीत.

म्हणून तुम्हाला विचारते. तुम्ही नेरूळला राहत असाल, सीवूड्सला राहत असाल, त्या दिवसांत कामासाठी इकडून जाणार असाल, तर तीन, चार आणि पाच तारखेला दिवसातून एकदा विहाराच्या मागच्या बैठ्या रांगेत जा. शेवटून दुसरं दार, निळं. बाहेरून “बऱ्या आहात ना” असं विचारून परत फिरू नका, त्या “बरी आहे” म्हणतील, मृत्यूच्या दारातही तेच म्हणतील. पाणी मागा, कोणाचा तरी पत्ता विचारा, काहीही करा, पण आत जा. कोपऱ्यात ताडपत्री दिसली, तर काही समजावत बसू नका. त्यांचा हात धरून त्यांना बाहेर आणून बसवा. त्या तुमच्यावर ओरडतील, तुम्ही कोण म्हणून विचारतील. ओरडू द्या, आणि मला लगेच फोन करा, नंबर त्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवला आहे.